आधी हात कोण काढतो

आता कुठल्या चाकाला किती ब्रेक लागतोय ते मशीनच सांगतं रे! आमच्या वेळी द्वारका चौकातल्या गॅरेजात ट्रक जोरात पळवायचा, ब्रेक मारत परत आणायचा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक ड्रमवर हात ठेवायचा. इकडे मी, तिकडे माझा जोडीदार सादिक. दोन्ही ड्रम सारखे तापले, म्हणजे ब्रेक सारखे. आणि आधी हात काढेल त्यानं चहा पाजायचा.

एकदा माझा तळहात पार भाजला, तरी मी हटलो नाही. सादिककडचा ब्रेक लागतच नव्हता, त्याचा ड्रम गारच होता, बेटा नुसता हसत होता.

परवा कित्येक वर्षांनी सादिक गॅरेजात भेटायला आला. उभ्या ट्रकच्या ड्रमवर त्यानं हात ठेवला. पलीकडून मी ठेवला.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, गाडी सकाळपासून हललीच नाय!"

हात कोणीच काढला नाही.