एका उतारावर दोघी

झीटा : ...आणि मग ती जपानी पोरगी मला विचारते, तुझ्या बहिणीचं खरं वय काय? म्हटलं, चौतीस. तिचा विश्वासच बसेना!

बुर्गी : माझ्याकडून सेमीफायनल हरल्यावर कुणीही असंच म्हणेल. इकडे ये, हेल्मेटचा पट्टा लोंबतोय तुझा.

झीटा : बुर्गी, फायनल! तू आणि मी! तीही आपल्या गावच्या उतारावर! ऐकतेयस ना खालचा आवाज? गाईंच्या घंटा घेऊन आलीयत माणसं. पाद्रीबाबासुद्धा बडवतायत म्हणे.

बुर्गी : ऐकतेय. सकाळपासून बुटांचे पट्टे चारदा आवळले मी.

झीटा : तू? इतक्या वर्षांच्या शर्यतींनंतर?

बुर्गी : इतक्या वर्षांत पहिली आले का कधी? दुसरी, तिसरी, पुन्हा दुसरी. आज पहिल्यांदाच असं वाटतंय की... जाऊ दे. बोलले तर दृष्ट लागेल.

बाबा : झीटा, स्नोबोर्ड आण. कडेच्या धारेवरून एकदा हात फिरवतो.

झीटा : बाबा, हिचाही बघ ना. ती पण तुझीच मुलगी आहे.

बाबा : तिचं ती बघते.

बुर्गी : हो, माझं मी बघते. घर सोडल्यापासून मेण मीच लावते, धारही मीच काढते.

बाबा : घर सोड असं मी म्हणालो नव्हतो. तुझा गुडघा ऑपरेशनला दुसऱ्यांदा उघडावा लागला, तेव्हा बापानं जे बोलायचं ते बोललो.

बुर्गी : काय बोललास? ‘बस झालं आता, मामाच्या हॉटेलात काउंटरवर उभी राहा.’ तेही भर जेवणात, अख्ख्या गोतावळ्यासमोर! मामा तर लगेच पगाराचं बोलायला लागला.

झीटा : झालं यांचं सुरू! अरे, आत्ता आपला नंबर लागेल. भांडायला सगळा उन्हाळा पडलाय.

बाबा : भांडतंय कोण? बुर्गी, पंच विचारतायत, निळ्या झेंड्यांची बाजू की लाल. सकाळच्या फेरीत तू हिच्यापुढे होतीस, निवड तुझी.

बुर्गी : निळी.

बाबा : थांब जरा. एवढी घाई कशाला?

बुर्गी : घाई नाही. लाल बाजूवर ऊन आहे, बर्फ भुसभुशीत झालाय. उंचवट्याखाली हे एवढे चर पडलेत. जेवणानंतर लालवरून एक तरी पोरगी जिंकली का? मी निळीच घेणार.

बाबा : मला दिसतंय ते. पण ऐक... ऑलिंपिकची एकच जागा राहिलीय. आज जी जिंकेल ती जाणार. झीटा ऐन भरात आहे. तुझा गुडघा तोवर टिकेल, न टिकेल. उगाच दोघींची संधी वाया...

बुर्गी : म्हणजे मी लाल घेऊ?

बाबा : तसं नाही म्हणालो मी.

बुर्गी : मग कसं म्हणालास? नीट सांग. हिच्यासमोरच सांग.

झीटा : एक मिनिट. बाबा, तू आत्ता माझ्यासाठी भीक मागितलीस?

बाबा : अगं, भीक काय...

झीटा : भीकच! लोक काय म्हणतील, बहिणीनं बाजू सोडली म्हणून जिंकली? मी काय लहान आहे का? बुर्गी, तू निळी घे. निळीच घे! लाल घेतलीस ना, तर देवाशपथ, मी सुरुवातीचे दांडे सोडणारच नाही. इथंच उभी राहीन पुतळ्यासारखी.

बुर्गी : अगं, ओरडू नकोस, कॅमेरा इकडेच आहे.

झीटा : असू दे! बघू देत सगळ्यांना!

बुर्गी : साहेब, निळी बाजू. लिहून घ्या.

झीटा : हां! आता बघ, लालवरून कशी येते ते. चरांतून येईन, बिळातून येईन, पण तुझ्या आधी पोचेन!

बुर्गी : ये. पण मागं वळून मला शोधू नकोस. ती खोड आहे तुझी. त्यात वेळ जातो.

झीटा : मला शिकवतेस? आत्ता? फायनलला?

बुर्गी : सवय गं. हेल्मेटचा पट्टा... नाही, बरोबर बसलाय. चल.

बाबा : बुर्गी...

बुर्गी : आता नको, बाबा. दांडे धरलेत मी.

(खाली, शेवटच्या रेषेपलीकडे. दोघी बर्फात आडव्या पडल्या आहेत. घंटांचा गदारोळ. बाबा वरच आहे. त्याचा आवाज प्रशिक्षकांच्या वॉकीटॉकीतून येतो.)

बाबा : हॅलो! कोण जिंकलं? कुणीतरी बोला रे! उंचवट्यापलीकडचं मला काही दिसत नाही इथून!

झीटा : माझ्या पायावरून ऊठ आधी!

बुर्गी : तो माझाच पाय आहे. तुझा पलीकडे आहे.

झीटा : कोण जिंकलं? फलकावर काय आलंय?

बुर्गी : काहीच नाही. पंच रेषेवरचा फोटो बघतायत. हॅलो, बाबा? अजून कळलं नाही. दोघी एकदमच आलो.

बाबा : एकदम? अगं, पण तू तर तिसऱ्या झेंड्याला घसरली होतीस! माझा जीव गेला होता इथं!

बुर्गी : घसरले. धार सुटली, ढुंगण टेकलं बर्फावर. वाटलं, संपलं सगळं.

झीटा : आणि मी पुढे! उंचवट्यावर मी चांगली हातभर पुढे होते, बाबा! चरात शिरले, तर बोर्ड असं थडथड थडथड, दात पडतात की काय! पण धरून ठेवलं!

बुर्गी : धरलंस खरं. मी चाटच पडले.

झीटा : तू मला बघितलंस? मला म्हणालीस बघू नकोस, आणि स्वतः बघत होतीस?

बुर्गी : एकदाच. मग चिडले. झेंड्यांना चाटून गेले. एकानं तर थोबाडीतच मारली, हे बघ.

झीटा : रक्त आलंय गं!

बुर्गी : असू दे. मग शेवटी तू हात पुढे टाकलास...

झीटा : तू पण टाकलास!

बुर्गी : हात काय, मी सगळ्या अंगानिशीच झेपावले. मांजरासारखी.

झीटा : म्हातारी मांजर!

बाबा : पोरींनो, हसताय काय! फलक बघा, फलक!

झीटा : आला! आला बघ!

बाबा : काय आलं? बुर्गी? झीटा? काय आलं?

झीटा : ...निळी.

बुर्गी : काय?

झीटा : निळी, बुर्गी. बोटभर फरकानं. तुझं नाव आहे वर. बघ ना!

बुर्गी : माझं... झीटा, नीट वाच. दुसऱ्या ओळीत नाही ना?

झीटा : पहिल्या ओळीत! जिंकलीस तू, बाई! ऊठ! लोक तुझं नाव घेऊन ओरडतायत!

बुर्गी : उठते. आधी तुझा बोर्ड माझ्यावरून काढ.

बाबा : कोण? मला सांगणार आहात का?

झीटा : बुर्गी जिंकली, बाबा. तुझी मोठी.

बुर्गी : बाबा? बंद पडलं का हे?

झीटा : चालू आहे. वरचा गलका ऐकू येतोय.

बुर्गी : झीटा, आणि तू?

झीटा : मला काही विचारू नकोस. खूप राग आलाय. आज मी तुझ्याशी बोलणार नाही. उद्या बोलेन. आत्ता फक्त मला धर.

बाबा : बुर्गी.

बुर्गी : हं, बाबा.

बाबा : मी मघाशी जे बोललो...

बुर्गी : ऐकलं मी ते. वाईट वाटलं.

बाबा : वाटणारच. चुकलो मी. आज तर चुकलोच, त्या दिवशीही चुकलो. तू मध्ये घसरून उठलीस ना, तेव्हा मी कुणाच्या नावानं ओरडत होतो, ते इथल्या लोकांना विचार. झीटा रडतेय का?

बुर्गी : रडतेय.

बाबा : आणि तू?

बुर्गी : मीही. तू दोरावरच्या लिफ्टनं येतोयस ना?

बाबा : लिफ्टला रांग आहे. मी चालतच निघालोय, झेंड्यांमधून. मागून कुणीतरी शिट्ट्या मारतंय, ‘आजोबा, बाजूला व्हा’ म्हणून.

बुर्गी : सावकाश ये, बाबा. आम्ही दोघी इथंच आहोत.