सात नंबरची दांडी

...अन् वरून मलेच विचारते, "सर, आपकी मशीन किस कंपनी की है?" आता तुम्हीच सांगा, हेच तं मी पाऊण तासापासून तिले विचारून राह्यलो. ज्या कंपनीनं मशीन बनवली तिले दुसरीनं घेतलं, दुसरीले तिसरीनं गिळलं, अन् तिसरीचं ऑफिस कुठं आहे हे तिसरीलेच मालूम नाही. फोनवरची पोरगी बोलली मात्र साखरेसारखी, "सर, हमारे रिकॉर्ड में ऐसी मशीन कभी बनी ही नहीं।" म्हटलं बाई, माझ्यासमोर ठेवली आहे, चाळीस किलोची, पायावर पडली तं तुले समजन बनली का नाही ते.

तुम्हाले सांगतो, बालाघाटात पहिली डिजिटल मिक्सर आणली ते आम्ही. चटणीची नाही वो, साउंडची... माईक, ढोलकी, पेटी, सगळे आवाज एका जागी आणून कमी-जास्त करायची. आम्ही म्हणजे मी महागू अन् माझा पार्टनर बाबूलाल. नागपूरचा एक स्टुडिओ बंद पडला, तिथून सेकंडहँड उचलली. आवाज वर-खाली करायच्या चोवीस सरकत्या दांड्या, दरेक दांडीखाली मोटर, बटण दाबलं की मागच्या कार्यक्रमाची सेटिंग याद करून चोवीसही आपल्या मनानं सरसर सरकते. पुष्पलता, माझी बायको, कौतुकानं पाहायले आली अन् दरवाज्यातूनच परतली. म्हणे याच्यात कोणीतरी बसलं आहे.

तवा हसलो मी. आता नाही हसत.

मशीन मोठी लहरी. उकव्याच्या एका सभेत नेत्याच्या "भाइयो और" वरच अडकली, "बहनो" बाहेर आलं वीस मिनिटांनी, तवापर्यंत भाऊ लोक घरी जाऊन जेवलते. नागपूरचा मेकॅनिक आला, उघडली, पाहिली, बंद केली, हात पुसत म्हणते, "मशीनमधी खराबी काहीच नाही, भाऊ. फक्त कंपनी विकल्या गेली." दुसऱ्या वर्षी आला, तेच. तिसऱ्या वर्षी तं न उघडताच बोलला.

ऐके फक्त बाबूलालचं. बाबूलाल पहिले बैहर लाइनवर बसचा कंडक्टर होता. सारी दुनिया माईक तपासते "हॅलो, चेक, वन, टू" करून, अन् हा सात नंबरच्या माईकसमोर उभा राहून हाक मारे, "उकवा, बैहर, मलाजखंड... चला, बसा, मागं सरका." मशीन चुपचाप चालू. सात नंबरची दांडी त्याचीच, मलेही हात लावू देत नव्हता.

दोन वर्षं झाली, बाबूलाल गेला. जेवता जेवता. भात ताटात तसाच.

महिन्यानं पहिला कार्यक्रम लागला, शाळेचा, सकाळी अकराचा, चांगलं ऊन. मशीन चालू केली. मी हात लावला नाही, तुमची शपथ. सात नंबरची दांडी हळूहळू वर आली. एकटीच. अन् स्पीकरच्या बॉक्समधून, "उकवा... उकवा... उकवा..." तोच खरखरता आवाज, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. मी खुर्चीले चिकटून गेलो. अन् मैनाबाई, जे कोणत्याही गावच्या कोणत्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत सापडते, ते पिशवी घेऊन उभी राह्यली, "लागली का वो गाडी?"

मेकॅनिकले फोन केला. म्हणते कधीतरी त्याचा आवाज एकोच्या, म्हणजे आवाज घुमवायच्या, मेमरीत फसला असन, आतल्या बॅटरीवर टिकून आहे. म्हटलं बॅटरी बदलू? म्हणे, "बदलली का पुसून जाईन." अन् संपली तं? "तरी पुसून जाईन." मंग करू काय? "कंपनीले विचारा." विचारलं, तं त्या पोरीनं काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच. मशीनमधी खराबी काहीच नाही...

मी कोणाले बोललो नाही. पण मैनाबाईच्या तोंडाले बटण आहे कुठं? गोष्ट फिरत फिरत पोचली, अन् सरिता वहिनी आली, बाबूलालची बायको. चहाले हात लावला नाही.

"महागूभाऊ, आम्रपालीचं लग्न ठरलं. मलाजखंडले देऊन राह्यली. पोरगी म्हणते, मले बाबाचा आवाज पाहिजे."

"वहिनी, त्या मशीनचा काय भरोसा..."

"त्याहिचा तरी कुठं होता? पण दोन वर्षं तुम्ही मले एका शब्दानं सांगितलं नाही. काहून?"

काय सांगू, काहून? रोज सकाळी दुकान उघडून मी एकटाच ऐकत होतो. ऐकलं का भेव वाटे. अन् नाही ऐकलं तं जास्त भेव वाटे.

अन् त्याच महिन्यात आमचंच दुकान विकल्या गेलं. जबलपूरची इव्हेंट कंपनी आली, साऱ्या मंडपवाल्याले, साउंडवाल्याले एकाच नावाखाली घेऊन राह्यली. पियुष नावाचा मॅनेजर, छातीवर बिल्ला, मले मिठी मारून म्हणते, "चाचा, अब आप हमारा परिवार हो।" दांडी सरकली तवाही एवढा काटा आला नव्हता. मशीन पाहून म्हणे, "ये कबाड़ सोमवार को जाएगा।"

लग्न इतवारी.

विहारासमोर मंडप, भर दुपार. मशीनच्या पडद्यावर बॅटरीची लाल खूण लुकलुक करून राह्यली. वंदना झाली, हार घातले, पंगत उठली, सात नंबर हालायचं नाव नाही. तीनदा मशीन बंद करून चालू केली, चौथ्यांदा हिंमत झाली नाही. पोरगी घडीघडी मशीनकडे पाहे, वहिनी माझ्याकडे पाहे, अन् मी बुंदीकडे. शेवटी गाडी लागली. आम्रपालीचा एक पाय गाडीत, एक जमिनीवर. रडे नाही, बोले नाही, बसेही नाही. लोक म्हणते महागूनंच आवाज काढला... अरे बाप्पा, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात चमचा, तोंडात बुंदी, कुठून काढू? अन् सात नंबर सरकला.

"मलाजखंड..."

दोन वर्षं फक्त उकवा म्हणणारा माणूस.

"मलाजखंड... मलाजखंड... चला, बसा."

बसली वो पोरगी. दुसरा पाय उचलला अन् बसली. वहिनीनं डोळ्याले पदर लावला, म्हणते, "मागं सरका म्हणायचं राहून गेलं त्याहिचं." गाडी वळली, पडदा काळा झाला, चोवीसही दांड्या एकदम खाली आल्या. खट. मंग काहीच नाही. सोमवारी कबाडवाला नेऊन गेला.

आता नवी मशीन आहे, पाटीएवढी, दांड्याच नाही, काचेवर बोट फिरवा. अन् कंपनीचा नियम आहे, माईकवर "चेक, वन, टू" एवढंच बोलायचं. परवा बिरसा गावात कार्यक्रम होता. माईक धरला, चेक म्हणायले तोंड उघडलं, अन् आतून आलं, "उकवा... उकवा... उकवा..." आवाज माझा नाही, तुम्हाले सांगतो, अन् उजवा हात आपल्या मनानं हळूहळू वर चालला. पियुष साहेब धावत आले, "चाचा, क्या हुआ? तबीयत ठीक है?" त्यायच्या मागं मैनाबाई पिशवी घेऊन उभी.

हात खाली घेतला. म्हटलं, "साहेब, माणसात खराबी काहीच नाही. फक्त कंपनी विकल्या गेली."