दिवा बंद करून

बस स्टँडच्या बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर आई आणि तिचा मुलगा बसले होते. दोघांच्या मध्ये तिची मोठी बॅग.

“काल तो भुताचा सिनेमा बघून झाला?” मुलाने विचारलं.

“झाला. दिवा बंद करून बघितला.”

“भीती नाही वाटली?”

“कसली भीती? म्हातारी मेली तरी घर सोडायला तयार नाही, एवढीच गोष्ट. शेवटी मांत्रिक आणून तिला हाकलतात. मला तिचंच पटलं.”

“आणि मी लावून दिलेला विनोदी?”

“तो अर्धाच बघितला. छातीत धडधडायला लागलं.”

“आई, तो बघताना लोकांचं हसून हसून पोट दुखतं.”

“दुखत असेल. दोघं भाऊ आईला आळीपाळीने सांभाळतात. एकदा ह्याला वाटतं ती त्याच्याकडे आहे, त्याला वाटतं ह्याच्याकडे. ती बसलीय स्टँडवर. हसायचं कुठे ते मला कळलं नाही.”

“बस आली बघ. तिकडे दादा उतरवून घेईल, मी सांगितलंय त्याला.”

“परत एकदा फोन कर.”

“करतो. आणि दादाकडे भुताचं काही लावू नकोस, त्याची मुलं घाबरतात.”

“मग मी काय बघू?”

“विनोदी बघ.”

“बघेन. दिवा लावून बघेन.”