अक्का मोबाईलवर विधानसभा बघायची

जमलेल्या भावांनो, बहिणींनो, आणि समोर बसलेले आमदार साहेब, जय भीम. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. बोलणारी माझी थोरली जाऊ होती. सुमन अक्का. ती गेली म्हणून मी उभी आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आत्ताच साहेब म्हणाले, अक्कासाठी मी विधानसभेत भांडलो. ते ऐकलं अन् मी ठरवून आलेलं बोलणं राहूनच गेलं.

अक्काच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसला बीड गाठावं लागायचं. जाताना एसटी, येताना एसटी, उलट्या करत. निवडणुकीत हीच अक्का साहेबांसाठी दारोदार फिरली. साहेब तिच्या ओट्यावर बसून जेवले. म्हणाले, तालुक्याच्या दवाखान्यात मशीन आणतो. पुढं स्वतः येऊन सांगून गेले, प्रश्न मांडला अक्का, सभागृह दणाणून सोडलं.

अक्काला लई आनंद झाला. तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं. विधानसभेच्या कामकाजाचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघायला मिळतात, हे मीच तिला दाखवलं. बीडच्या दवाखान्यात, तिच्या हाताला सुया लावलेल्या, आम्ही दोघी बघत बसलो. प्रश्न आला. अध्यक्षांनी साहेबांचं नाव पुकारलं. बाक रिकामा. परत पुकारलं. मग पुढचा प्रश्न घेतला.

अक्का म्हणाली, "कमल, मागं घे. पाणी प्यायला गेले आसतील."

मागं घेतलं. मग पुढं नेलं, त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत. साहेब आले नाहीत. पुढचे दिवसही बघितले. अधिवेशन संपलं, मशीनचं नाव नाही. तरी अक्का त्यांचीच बाजू घेत होती.

तिनं गावात बोभाटा केला नाही. साहेबांनाच विचारायला गेली. मी सोबत होते. साहेब हसले. म्हणाले, "अक्का, मोबाईलवर कायबी दावतेत. माज्यावर भरोसा न्हाई का?"

अक्का म्हणाली, "भरोसा व्हता, साहेब. म्हणून तर बघाया बसले."

दुखण्यानं कधी न रडलेली बाई त्या दिवशी एसटीत रडली.

गेल्या आठवड्यात डायलिसिसला बीडला जाताना तेलगावच्या पुढं एसटी बंद पडली. अक्काला धाप लागलेली. दुसरी गाडी मिळेस्तोवर तिनं माझ्या मांडीवर जीव सोडला. मशीन तालुक्याला असतं तर? सांगा ना, हे मी कुणाला विचारू?

आजारानं गेली, असं सगळे म्हणतात. म्हणा. पण तिला आपलं म्हणून फसवलं, हे कोण म्हणणार?

माझं खरं मानू नका. तो व्हिडिओ अजून आहे. घरी जाऊन बघा, पैसे पडत नाहीत.

आता अक्कासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. साहेब, तुम्हीही उभे राहा. संपेपर्यंत मात्र जाऊ नका.