वीस पावलं

(आयर्लंडमधल्या केरीच्या डोंगरातलं एक शेतघर. नोव्हेंबर १९२२, सकाळ. इंग्रज गेलेत; आता नवं आयरिश सरकार आणि ते न मानणारे आयरिश बंडखोर आपसात लढतायत. इथे वाडीतली घरं पाळीपाळीनं घरात मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, ठेवतात. यंदा कर्टिनांची पाळी. स्वयंपाकघरात शेजारी उपाशीपोटी जपमाळ ओढत थांबलेत. आतल्या खोलीत फादर टूमी एकेकाचं पापनिवेदन ऐकतायत. आत्ता समोर घरची बाई, हॅना कर्टिन.)

फादर: पुढे बोल, हॅना. एवढंच?

हॅना: एवढंच कसलं! कुत्र्याला लाथ घातली, दिराला शिव्याशाप दिले, ही काय पापं झाली? खरं पुढेच आहे. आधी सांगा, बाहेर ऐकू जातं का?

फादर: बाहेर बॅटी रॅहिली जपमाळ सांगतोय. त्याचा आवाज दोन शेतं ओलांडून जातो. त्यात आपलं कोण ऐकणार?

हॅना: मग ऐका. माळ्यावर माझा कॉन आहे.

फादर: काय? वेड लागलंय का तुला! तिठ्यावर लष्कराचा ट्रक उभा आहे. मी येताना पाहिला. मला सलाम ठोकला त्यांनी.

हॅना: तुम्हाला ठोकणारच. माझ्या पोराला गोळी घालतील.

फादर: आणि तू सगळ्या वाडीला घरी बोलावून बसलीस?

हॅना: मी कुठे बोलावलं? पाळी आली! नऊ वर्षांनी आली. पाळी आली, फादर येणार, म्हणून तर तो उतरला डोंगरावरून. भिंतींना चुना मी लावला, पण रात्री येऊन वरचा हात त्यानं फिरवलाय. त्याला पापक्षमा हवीय. दुसरं काही नको.

फादर: बिशपांचं पत्र मी स्वतः वाचलं चर्चमध्ये. तू पहिल्या बाकावर होतीस.

हॅना: होते. नखं रुतवून बसले होते तळहातात.

फादर: मग कशाला विचारतेस? जो सरकारवर शस्त्र उचलेल त्याला क्षमा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. माझे हात बांधलेत, बाई.

हॅना: ते मला नका सांगू. त्याला सांगा. कॉन! उतर रे. शिडी वाजवू नकोस.

कॉन: आई, नाही म्हणालेत ना ते? वरून सगळं ऐकू येतं.

हॅना: तू गप. गुडघ्यावर बस.

कॉन: नमस्कार, फादर. केस बरेच पांढरे झाले तुमचे.

फादर: तू किती वाळलायस रे, कॉन. खोकला कधीपासून आहे?

कॉन: ओल्या गवतात झोपतोय तेव्हापासून. विचारा काय विचारायचंय ते.

फादर: एकच विचारायचंय. बंदूक टाकलीस?

कॉन: नाही.

फादर: टाकशील?

कॉन: डोंगरावर तिघं माझी वाट बघतायत. त्यातल्या एकाचा पाय सडलाय. मी बंदूक टाकून घरी चहा पीत बसू?

हॅना: टाकीन म्हण ना रे! म्हणायला काय जातंय? क्षमा घे आणि जा.

फादर: हॅना! खोटं बोलून घेतलेली क्षमा लागत नाही. उलट आणखी एक पाप डोक्यावर.

कॉन: ऐकलंस? खोटं बोलायचं असतं तर चर्चला आलो असतो, कोटबिट घालून. फादर, एक विचारू? ही बंदूक ओळखता?

फादर: ती आत का आणलीस?

कॉन: दोन वर्षांपूर्वी ही तुमच्याच चर्चमध्ये होती. मिस्साचे झगे ठेवता ना, त्या खणात, जांभळ्या झग्याखाली. इंग्रज शिपाई झडती घ्यायला आले तेव्हा तुम्ही त्या खणावर बसून प्रार्थनेचं पुस्तक वाचत होतात. आम्हाला हसू आवरेना.

फादर: तेव्हा समोर इंग्रज होता. आता सरकार आपलं आहे.

कॉन: इंग्रज राजाच्या नावानं शपथ घेऊन मिळवलेलं आपलं सरकार.

फादर: लोकांनी मतं देऊन निवडलेलं! तुला मत नाही पटलं म्हणून तू पूल उडवणार? त्या ट्रकमधली पोरंही मीच बाप्तिस्मा दिलेली आहेत. तिथला एक तर तुझ्याच वर्गात होता.

कॉन: माहीत आहे. जेरी फोली. गेल्या आठवड्यात त्यानं माझ्यावर नेम धरला. चुकला. मुद्दाम चुकला की काय, कळलं नाही.

हॅना: बाहेर जपमाळ संपत आली! तुम्ही दोघं इथे राजकारण काय काढून बसलात? फादर, नवा हुकूम निघालाय. बंदुकीसकट सापडला की भिंतीपाशी उभं करतात. आज नाही दिलीत तर कधी देणार? तेव्हा?

फादर: तेव्हा तिथे फादर असतील.

हॅना: असेच विचारणारे ना? टाकलीस का, टाकशील का!

फादर: हॅना, माझ्या हातात असतं तर—

हॅना: आहे तुमच्या हातात! मर्टला दिलीत की. पेग लेसीच्या मर्टला. त्यानंही कुठे टाकली होती बंदूक? पुलावर मेला तेव्हा हातात होती. तरी दिलीत. पेग साऱ्या वाडीला सांगते, फादरांनी स्वतः सांगितलं, पोरगं शुद्ध होऊन गेलं. त्यावर जगतेय ती. मग माझ्याच पोरानं काय घोडं मारलंय?

फादर: मर्टचं काढू नकोस.

हॅना: का नाही? काढणार! तिच्या पोराला एक न्याय आणि माझ्या पोराला दुसरा?

फादर: नाही दिली.

हॅना: काय नाही दिली?

फादर: मर्टला. नाही दिली मी.

कॉन: फादर?

फादर: गोळीबार थांबल्यावर लष्करानं मला बोलावलं. मर्ट कठड्याला टेकून पडला होता. मी सहा पावलांवर. शिपाई पुढे सोडेनात. सेमिनरीत आम्हाला शिकवलंय, माणूस वीस पावलांच्या आत असला तर नुसता हात वर करून दिलेली क्षमा त्याला पोचते. पुढे जायचीही गरज नव्हती मला. हात वर केला की झालं.

हॅना: मग?

फादर: पत्र वाचून चारच दिवस झाले होते. मी विचारलं, मर्ट, शस्त्र टाकलंस म्हण. तो बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. हट्टी होताच तो, मला वाटलं हट्टानंच बोलत नाही. मला राग आला, हॅना. मरणाऱ्या पोराचा राग आला. तिसऱ्यांदा विचारलं. मग मान कलली त्याची. शिपायांनी मला जवळ सोडलं, तेव्हा पाहिलं. गोळी गळ्यातून गेली होती.

हॅना: देवा रे.

फादर: बोलायला घसाच उरला नव्हता. आणि मी त्याच्याकडे शब्द मागत उभा होतो.

कॉन: आणि पेगमावशीला सांगितलंत की मिळाली.

फादर: ती दारात उभी होती. दुसरं काय सांगू? आता तुला देऊ, कॉन? तुला आज दिली तर त्याला का नाही दिली? कशासाठी नाही दिली? पत्र बरोबर आहे एवढंच धरून मी रात्री अंथरुणाला पाठ टेकतो. ते सोडलं तर मी त्या पोराला फुकट नरकात ढकललं.

हॅना: म्हणजे तुमची झोप राहावी म्हणून माझं पोरगंही तसंच जाऊ द्यायचं?

पेग (दाराबाहेरून): हॅना! किती वेळ गं? काय गावाची पापं घेऊन बसलीस की काय! किटली उतू चाललीय इकडे.

हॅना: उतर— उतरव तू, पेग. आलेच.

पेग: फादर, मिस्सात माझ्या मर्टचं नाव घ्याल ना?

फादर: घेईन, पेग.

पेग: देव तुमचं भलं करो. तुम्ही होतात म्हणून, नाहीतर मी जीव दिला असता.

कॉन: उठतो मी.

हॅना: बस खाली! फादर देतील. देणार ना, फादर? आता तरी?

कॉन: नको आई. मर्ट आणि मी एका ताटात जेवलोय. लहानपणी कांजिण्या आल्या त्याही एकदमच. तो जिथे गेलाय तिथे त्याला ओळखीचं कोणी नाही.

हॅना: असलं बोलू नकोस रे, माझ्या सोन्या, असलं नाही बोलू.

फादर: कॉन, थांब. मला एक क्षण दे.

कॉन: मर्टनंही तुम्हाला तोच दिला होता. तुमच्यावर राग नाही माझा, फादर. खरंच नाही. पेगमावशीला मात्र कधी सांगू नका. आई, ब्रेडचा तो तुकडा घेतो. तिघांना पुरेल. मागचं दार लावून घे.

हॅना: तोंड तरी बघू दे— कॉन! कॉन!

फादर: ओरडू नकोस. बाहेर कळेल.

हॅना: गेला. उठा. उठा म्हणते मी! खिडकीपाशी या.

फादर: तो नको म्हणाला, हॅना.

हॅना: तुम्हाला म्हणाला. देवाला थोडंच म्हणाला. रात्रभर माळ्यावर पश्चात्तापाची प्रार्थना पुटपुटत होता. खाली पडल्यापडल्या मी ऐकत होते. मीच शिकवलेली. सहा वर्षांचा होता तेव्हा जिथे अडखळायचा तिथेच अडखळत होता. अजून काय हवंय तुम्हाला?

फादर: त्यानं शस्त्र टाकायचा एक शब्द जरी—

हॅना: पुन्हा शब्द मागताय!

फादर: सरक. खिडकी उघड.

हॅना: ओलीनं फुगलीय मेली. तुम्ही पण ढकला. जोर लावा ना! हं. उघडली.

फादर: कुठे आहे? मला लांबचं दिसत नाही.

हॅना: फाटकातून गेला. तो, दगडी भिंतीच्या कडेनं. टोपी दिसतेय. हात वर करा, फादर. करा वर.

फादर: पिता, पुत्र आणि—

हॅना: हात खाली घेऊ नका. मी धरते कोपरापाशी. पुरं करा.

फादर: आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला तुझ्या पापांतून मोकळं करतो. आमेन.

हॅना: आमेन. आमेन. मिळाली. मिळाली ना त्याला? फादर? फार लांब नाहीये. इथून गोठ्याची मोरी, चार पावलं. हौद, नऊ. फाटकापर्यंत सतरा, पाण्याच्या बादल्या नेताना रोज मोजलीत मी. आणि फाटकापासून त्या भिंतीपर्यंत...

फादर: मोजू नकोस, हॅना.