पाचूबंदरचा रेसट्रॅक

तुम्ही हसाल, पण वसईच्या कोळीवाड्यात, पाचूबंदरला माझा एक रेसट्रॅक होता. इंग्लंडमध्ये शिकताना ट्रॅकवर मोटारसायकल चालवायची चटक लागली. नव्वदच्या दशकात घरी परतलो, ते वसईच्या पोरांना नीट वळण घ्यायला शिकवायचंच, या जिद्दीनं. रेसच्या गाडीसारखं जुन्या गाडीचं हँडल खाली घेतलं, फूटरेस्ट वर चढवले. रविवारी बोटी समुद्रात जात नाहीत, म्हणून फिलोमिना मावशीचं मासळी सुकवायचं मैदान रिकामं असे. तिथं जाळं तरंगत ठेवणारे बोये मांडून वळणं आखली आणि पोरं जमवली.

एकदा चर्चमधली मिस्सा आटोपून मावशी थेट मैदानात आली. मी गाडी थांबवली. ती नको म्हणाली असती, तर दुसरी जागाच नव्हती.

"कवापासून बघते. जातो कुठं रे तू?"

"कुठंच नाही, मावशी. वळणाआधी ब्रेक मारायचा, अंग आत झुकवायचं आणि नजर वळणाच्या पार पुढं ठेवायची. जिकडं बघू तिकडं गाडी जाते."

"आनि मंग?"

"मग परत इथंच."

"एवढा पेट्रोल जालून परत इथंच?"

पोरं खो खो हसली. मावशी हसली नाही. तिचा थोरला मुलगा बस्त्याव परदेशी जहाजावर नोकरीला गेला होता आणि कित्येक नाताळ घरी फिरकला नव्हता.

"दर आयतवारी ये," ती म्हणाली. "बस्त्याव आला का त्याला पन शिकव. लांब बघून परत इथंच कसा यायचा, ते."