चकाचक टरफलं

—नाही हो ताई, तक्रार असेल तर बसून सांगा, उभ्याउभ्या तक्रार केली की पाय दुखतात. तो पिठाचा डबा ओढा, पक्का आहे, मला पेलतो म्हणजे बघा! हं, काय म्हणत होतात? आमच्या अंड्यांच्या टरफलांची पूड तुमच्या लॅबमध्ये नीट होत नाहीये? दोन आठवडे झाले? अहो, अंडी तीच, कोंबड्या त्याच, केक तोच — खाऊन बघा, कडेचा आहे, कडेचाच खरा लागतो. आणि सगळं तुम्ही शिकवलंत तस्सं. टरफल वेगळ्या बादलीत, मग उकळायचं, आतला पापुद्रा सोलायचा, वाळवायचं. मी स्वतः करते. म्हणजे — मी म्हणजे आम्ही. म्हणजे खरं सांगू? हे करतात. मी कुठून करणार, मला भट्टीपुढून हलायला होत नाही!

रागावू नका हं. आमचे हे नळकाम करायचे, अख्ख्या गल्लीचे नळ ह्यांच्या हातचे. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले, मांडीचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, हाडाच्या फटीत भरायची पूड मिळते, पण बाहेरून मागवावी लागेल. किंमत ऐकून आम्ही दोघंही छताकडे बघत बसलो. हाड जुळलं, पण वाकडं. मग काय, दिवसभर नुसते खिडकीत — जेवा म्हटलं तर जेवायचे, नाहीतर तेही नाही. फार वाईट दिवस होते हो. आणि मग तुम्ही आलात, म्हणालात, ह्या टाकाऊ टरफलांची तसलीच पूड करायचीय, स्वस्तातली. मी घरी जाऊन सांगितलं मात्र — दुसऱ्या दिवशी दाढी करून तयार! दाढी, ताई! पापुद्रा काढताना बघा एकदा, नखानं, अख्खाच्या अख्खा. म्हणतात, कुणाच्या तरी मांडीत जायचंय हे.

तेव्हा घाण असेल हे डोक्यातून काढा. उलट मागे तुम्ही एक पिवळा डाग दाखवलात ना, तो ह्यांनी मनाला लावून घेतला. तेव्हापासून टरफलं दिवसभर व्हिनेगरमध्ये भिजत घालतात. नळकामातली युक्ती — नळावर पांढरा थर बसतो ना, चुन्याचा, तो व्हिनेगरनं कसा विरघळून —

चुना.

टरफल म्हणजे तरी काय, चुनाच... तुम्हीच सांगितलं होतंत की पहिल्या दिवशी. तरीच म्हटलं, हल्ली हातात घेतली की कागदासारखी का लागतात.

थांबा — काठी वाजली. येताहेत. ताई, पाया पडते, आमची बादली नेणं बंद करू नका. चूक झाली, मी निस्तरते, पण त्यांच्यासमोर एक अक्षर नको —

अहो, या ना! लॅबच्या ताई आल्यात, खूश आहेत! म्हणतात, इतकी चकाचक टरफलं कुणाचीच नसतात. तुमच्या हाताला व्हिनेगर कशाला हवं, म्हणतात, नुसतं पाणी पुरे. — हो हो, स्वतः म्हणाल्या. — छे, बसत नाहीयेत, घाईत आहेत. निघा हो ताई. तो केक घ्या नि निघा.